विश्लेषण : शब्द ओळखीचे, अर्थ अनोळखी! रोजच्या इंग्रजीतील ‘फ्रेजल व्हर्ब’चे कोडे काय?

‘द क्लायंट बॅक्ड आउट, सो वी आर कॉलिंग ऑफ द डेमो. टीम लीड विल फिल यू इन.’ ऑफिसच्या ग्रुपवर पडणारा हा अगदी साधा मेसेज. यातले बॅक, आउट, कॉल, ऑफ, फिल, इन हे शब्द पाचवीतल्या मुलालाही माहीत असतात. तरीही पदवी घेतलेल्या अनेकांना तो दोनदा वाचावा लागतो. ग्राहकाने माघार घेतली, म्हणून डेमो रद्द केला आहे, बाकीचे टीम लीड सांगेल, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘कॉल’मध्ये हाक मारणे आणि ‘फिल’मध्ये भरणे शोधत बसले, तर हाती काहीच लागत नाही.

अशा जोड्यांना इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. आपल्याकडे व्याकरणाच्या पुस्तकात त्यांची यादी शेवटच्या पानांवर असते आणि परीक्षेत त्यांच्या वाट्याला दोन-चार गुण येतात. बोलण्यातल्या इंग्रजीचा मोठा भार मात्र याच जोड्या वाहतात. मीटिंग, मुलाखत, वेब सीरिज, मोबाइलवरची बटणे, बँकेचे पत्र, कंपनीचा मेल अशा सगळ्या ठिकाणी त्या भेटतात. आणि त्यांचा अर्थ चुकला, तर प्रकरण दोन-चार गुणांवर थांबत नाही.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे नेमके काय?

साध्या क्रियापदाला अप, डाउन, ऑफ, ऑन, आउट, इन, ओव्हर यांसारखा छोटा शब्द जोडला जातो आणि दोघांचा मिळून वेगळाच अर्थ तयार होतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणे, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे आणि ‘गिव्ह अवे’ म्हणजे फुकट देऊन टाकणे किंवा गुपित फोडणे. क्रियापद एकच, पण शेपूट बदलले की अर्थाची दिशा बदलते.

‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव फार जुने नाही. लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ मध्ये ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले आणि ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे श्रेयही दिले. डोकेदुखी मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे. १७५५ मध्ये इंग्रजीचा गाजलेला शब्दकोश तयार करणाऱ्या सॅम्युअल जॉन्सन यांनी प्रस्तावनेतच लिहून ठेवले होते, की क्रियापदामागे असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परक्या माणसाला सर्वाधिक जड जाते. म्हणून त्यांनी अशा जोड्या मुद्दाम वेचून कोशात घेतल्या. यात अडखळणाऱ्याने लाजण्याचे कारण नाही, ही तक्रार पावणेतीनशे वर्षांची आहे.

इंग्रज सरळ एक शब्द का वापरत नाहीत?

वापरतात, पण तो शब्द बहुतेकदा कागदावरचा असतो. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे दीर्घकाळ दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच राहिली. विद्वानांची भाषा लॅटिन होती. तिकडून आलेले ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘एक्स्टिंग्विश’ हे शब्द भारदस्त ठरले. घरात, शेतात, बाजारात मात्र ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इंटू’, ‘पुट आउट’ अशा जोड्या रुळल्या. त्यामुळे एकाच कामासाठी कचेरीचा एक आणि ओसरीवरचा एक, असे दोन शब्द इंग्रजीत शेजारी शेजारी नांदतात.

मराठीतही हेच आहे. शासन निर्णयात ‘सदर बैठक स्थगित करण्यात येत आहे’ असे असते आणि कँटीनमध्ये तीच मीटिंग ‘पुढे ढकलली’ जाते. ‘स्थगित’ म्हणजे ‘पोस्टपोन’ आणि ‘पुढे ढकलली’ म्हणजे ‘पुट ऑफ’, असे म्हटले तरी चालेल.

अडचण अशी, की आपले शालेय इंग्रजी मुख्यतः कचेरीच्या बाजूने शिकवले जाते. त्यामुळे विद्यार्थी व्याकरणात चुकत नाही, पण शासन निर्णयासारखा बोलतो. वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती ‘एक्स्टिंग्विश’ करा, असे म्हणणे चूक नाही. पण ते ‘मेणबत्तीचे शमन करावे’ असे म्हटल्यासारखे ऐकू येते. तिथे ‘ब्लो आउट’ म्हणतात. उलट नोकरीच्या अर्जात किंवा तांत्रिक अहवालात भारदस्त शब्दच शोभतो. कुठे काय शोभते, हे कळणे यादी पाठ करण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

मराठी माणसाला हा प्रकार खरेच नवा आहे का?

अजिबात नाही. रोजची वर्तमानपत्री मराठी पाहा. विरोधकांचा डाव ‘हाणून पाडला’ जातो, मागणी ‘फेटाळून लावली’ जाते, दुसरी मागणी ‘उचलून धरली’ जाते, अरेरावी ‘खपवून घेतली’ जाणार नाही असा इशारा येतो आणि प्रवक्ता वेळ ‘मारून नेतो’. मराठी शिकणाऱ्या तमिळ किंवा जर्मन माणसाला यातले ‘हाणणे’, ‘पाडणे’, ‘उचलणे’, ‘धरणे’, ‘मारणे’, ‘नेणे’ सुटे सुटे शिकवता येतील. पण डावाला कोणी हाणलेले नसते आणि वेळेला कोणी मारलेले नसते. त्या माणसाला जे वाटते, तेच आपल्याला ‘कॉल ऑफ’ वाचताना वाटते.

आता जोड्या लावून पाहा. ‘पुट अप विथ’ म्हणजे खपवून घेणे, ‘टर्न डाउन’ म्हणजे फेटाळून लावणे, ‘पुल ऑफ’ म्हणजे निभावून नेणे, ‘स्टँड आउट’ म्हणजे उठून दिसणे, ‘फॉल बिहाइंड’ म्हणजे मागे पडणे, ‘टेक बॅक’ म्हणजे मागे घेणे, ‘रॅप अप’ म्हणजे आटोपते घेणे. शब्दकोशातल्या एकशब्दी अर्थापेक्षा हे प्रतिशब्द मूळ अर्थाच्या जास्त जवळ जातात. ‘पुट अप विथ’ म्हणजे ‘सहन करणे’ असे पाठ केले तर अर्थ कळतो. ‘खपवून घेणे’ असे लक्षात ठेवले तर त्यातली नाराजीही कळते.

सगळ्यात गमतीचा आहे तो ‘अप’. ‘ईट’ म्हणजे खा, मग ‘ईट अप’ कशासाठी? वर काय खायचे? याचे उत्तर मराठीतल्या ‘टाकणे’मध्ये आहे. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक, तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’मध्ये. काम अर्धवट न ठेवता पुरते संपवणे. ‘यूज अप’ म्हणजे वापरून टाक, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाक, ‘फिनिश अप’ म्हणजे संपवून टाक. ‘फाडून टाक’ म्हणताना आपण कागद कुठे टाकत नाही, तसा इंग्रजही तो वर नेत नाही. दोन्ही भाषांत एका साध्या शब्दाने आपला मूळ अर्थ सोडून ‘पूर्ण’ हा अर्थ घेतला आहे.

संस्कृत शिकलेल्यांना आणखी जवळचे उदाहरण आठवेल. ‘हृ’ या एकाच धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार, उपहार असे शब्द होतात. मारणे, खाणे, हिंडणे, नाश करणे यांचा एकमेकांशी काय संबंध? तरी शाळेत ते बिनतक्रार शिकले जातात. संस्कृतमध्ये हा तुकडा धातूच्या पुढे चिकटतो, इंग्रजीत तो मागे सुटा राहतो. जुन्या इंग्रजीतही तो बऱ्याचदा पुढेच असायचा. ‘ओव्हरकम’, ‘विथस्टँड’, ‘अंडरस्टँड’ ही त्याच वळणाची उदाहरणे आजही वापरात आहेत. ‘अंडर’ आणि ‘स्टँड’ यांतून ‘समजणे’ कसे निघाले, असा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

मग शिकणारे या जोड्या टाळतात का?

टाळतात, आणि ते फक्त भारतात घडते असेही नाही. बातिया लाउफर आणि मेनाखेम डॅगट यांनी १९८५ मध्ये इस्रायलमधील हिब्रूभाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिब्रूत असा प्रकार नाही, म्हणून ते विद्यार्थी फ्रेजल व्हर्ब टाळून एकशब्दी क्रियापद निवडतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १९८९ मध्ये यान हुल्स्टाइन आणि इलेन मार्चेना यांनी डच विद्यार्थी तपासले. डच भाषेत तर अशा जोड्या भरपूर आहेत. तरीही खास वाक्प्रचारी अर्थाच्या जोड्यांपासून हे विद्यार्थी दूर राहत. काही जोड्या तर त्यांनी केवळ एवढ्यासाठी टाळल्या, की त्या फारच डचसारख्या वाटत होत्या. आपल्या भाषेसारखे दिसते म्हणजे ते इंग्रजी नसणारच, हा संशय मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांच्या ओळखीचा असेल.

नेमक्या किती जोड्या शिकायच्या?

इंग्रजीत हजारो फ्रेजल व्हर्ब आहेत आणि इंटरनेटवर ‘एक हजार फ्रेजल व्हर्ब एका दिवसात’ छापाचे व्हिडीओही कमी नाहीत. ते सुरू करण्याआधी एक आकडेवारी पाहावी. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ मध्ये ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’ हा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह तपासला. त्यात दिसले, की केवळ २० क्रियापदे आणि ८ छोटे शब्द यांच्या आपसातल्या जोड्यांनी फ्रेजल व्हर्बच्या एकूण वापरापैकी निम्म्याहून अधिक भाग व्यापला आहे. गो, कम, टेक, गेट, पुट, सेट यांसारखी क्रियापदे आणि आउट, अप, डाउन, बॅक, ऑफ यांसारखे छोटे शब्द. त्यांच्या हिशेबाने इंग्रजी वाचणाऱ्या-ऐकणाऱ्याला सरासरी दर १५० शब्दांमागे एक फ्रेजल व्हर्ब भेटतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका लांबलचक फॉरवर्डमध्ये दोन-तीन.

मेख पुढे आहे. सर्वाधिक वापरातल्या १०० जोड्यांचे अर्थ मोजले, तर ते ५५९ भरले. एका जोडीला सरासरी साडेपाचहून अधिक अर्थ! यावर २०१५ मध्ये मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी उपाय सुचवला. त्यांनी १५० जोड्यांची यादी केली आणि प्रत्येकीचे खरोखर नेहमी लागणारे अर्थच ठेवले. ते सरासरी दोनवर आले. यादीत सर्वात वर ‘गो ऑन’ आहे, त्याखाली ‘पिक अप’ आणि ‘कम बॅक’. सुरुवात करणाऱ्याने हजाराच्या मागे न लागता या दीडशेवर लक्ष द्यावे, हेच शहाणपणाचे.

छोट्या शब्दांचा स्वभाव ओळखला तर काम आणखी हलके होते. ‘ऑन’मध्ये चालू राहणे असते, म्हणून ‘गो ऑन’, ‘कॅरी ऑन’, ‘होल्ड ऑन’. ‘आउट’मध्ये झाकलेले उघड होणे असते, म्हणून ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे आणि ‘टर्न आउट’ म्हणजे शेवटी तसे निघणे. मराठीतही हिशेबातली चूक ‘निघते’ आणि माहिती ‘काढली’ जाते, तीही बाहेरच. ‘ऑफ’मध्ये सुटणे, तुटणे, वेगळे होणे असते.

मात्र ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. ‘गो ऑफ’ पाहा. लाइट ‘गो ऑफ’ झाला म्हणजे गेला, पण अलार्म ‘गो ऑफ’ झाला म्हणजे वाजला. बॉम्ब ‘गो ऑफ’ झाला म्हणजे फुटला आणि ब्रिटनमध्ये दूध ‘गो ऑफ’ झाले म्हणजे नासले. फॉर्म ‘फिल इन’ करा किंवा ‘फिल आउट’ करा, दोन्हींचा अर्थ एकच. ‘वॉश अप’ म्हटले की ब्रिटिश माणूस जेवणाची भांडी घासायला घेतो आणि अमेरिकन माणूस हात-तोंड धुतो. अशा ठिकाणी तर्क लढवू नये, वाक्यासकट लक्षात ठेवावे.

‘पिक अप इट’ का चुकते?

व्याकरणाचे नियम बरेच आहेत, पण रोज नडणारे दोन-तीनच. वस्तूचे नाव असेल तर ‘पिक अप द फोन’ आणि ‘पिक द फोन अप’ दोन्ही चालते. पण नावाऐवजी ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ आले की ते मध्येच बसते. ‘पिक इट अप’, ‘टर्न इट ऑफ’. ‘पिक अप इट’ म्हटले की बोलणारा परका आहे हे लगेच कळते. काही जोड्या मात्र फुटत नाहीत. आईची काळजी घेणे हे ‘लुक आफ्टर हर’च राहते, ‘लुक हर आफ्टर’ होत नाही. आणि मुलाखतीनंतरच्या मेलमध्ये हमखास चुकणारी जोडी म्हणजे ‘लुक फॉरवर्ड टू’. तिच्यापुढे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ येते.

अ‍ॅप आणि वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी आणखी एक. क्रिया असेल तेव्हा ‘लॉग इन’, ‘सेट अप’, ‘बॅक अप’ हे दोन सुटे शब्द असतात. नाम असेल तेव्हा ‘लॉगिन’, ‘सेटअप’, ‘बॅकअप’ एकत्र लिहिले जातात. शंका आली तर भूतकाळ करून पाहावा. ‘लॉग्ड इन’ म्हणतात, ‘लॉगिन्ड’ कोणी म्हणत नाही. उच्चारातही फरक पडतो. क्रियेत जोर सहसा मागच्या छोट्या शब्दावर असतो, नामात तो पहिल्या भागावर येतो.

भारतात या जोड्यांचे काय झाले?

आपण त्या घेतल्या आणि आपल्या पद्धतीने वापरल्या. मराठीने तर ‘करणे’, ‘होणे’ लावून त्या अख्ख्या उचलल्या. लॉग इन करणे, चेक आउट करणे, ब्रेकअप होणे. कधी क्रियापद गाळून नुसते शेपूट ठेवले. ‘लाइट ऑफ कर’, ‘फॅन ऑन कर’ यांत ‘स्विच’ किंवा ‘टर्न’ कुठेच नाही आणि कोणाचे अडतही नाही. ‘पिकअप’ने आणखी मजल मारली. बाइकला पिकअप नाही, माल पिकअपमध्ये भरला आणि फोन पिकअप केला नाही, ही तिन्ही वाक्ये एकाच गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात.

घरात हे ठीक. सीमेपलीकडे मात्र सांभाळावे लागते. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ हे वाक्य भारतीय बायोडेटात सर्रास असते. ते चुकून आलेले नाही. ब्रिटिश लष्करी परंपरेत प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या तुकडीला ‘पास आउट’ म्हणतात आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली ‘पासिंग आउट परेड’ महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. तिथून तो शब्द कॉलेजात आला. पण अमेरिकी मुलाखतकाराच्या कानाला त्याचा अर्थ ‘मी २०१९ मध्ये बेशुद्ध पडलो’ असा लागतो. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे. ‘कोप’लाही आपण उगाच ‘अप’ जोडतो; मूळ जोडी ‘कोप विथ’ एवढीच आहे.

नोकरी आणि कर्जाच्या कागदावर अर्थ चुकला तर?

इथे प्रकरण गंभीर होते. ‘ले-ऑफ’ हा शब्द पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात आणि हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये वेगवेगळ्या अर्थाने वापरला जातो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार ‘ले-ऑफ’ म्हणजे कोळसा, वीज, कच्चा माल यांचा तुटवडा किंवा यंत्रातील बिघाड अशा कारणाने मालक हजेरीपटावरील कामगाराला काम देऊ शकत नाही ती स्थिती होती. कामगाराचे नाव पटावर राहते आणि अटी पूर्ण करणाऱ्याला त्या दिवसांसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई मिळते. नोकरीवरून कमी करण्यासाठी त्या कायद्यात ‘रिट्रेंचमेंट’ हा वेगळा शब्द होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा भेद कायम आहे.

अमेरिकी इंग्रजीतही ‘ले ऑफ’चा अर्थ एकेकाळी तात्पुरते घरी बसवणे असाच होता. आता मात्र तो नोकरी जाणे असा झाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना ‘ले ऑफ’ केले, तेव्हा कोणाचेही नाव पटावर राहिले नव्हते. त्यामुळे कंपनीच्या पत्रात हा शब्द दिसला, तर तो कायद्याच्या अर्थाने आहे की कॉर्पोरेट अर्थाने, हे लेखी विचारून घेणे केव्हाही बरे. भरपाई आणि पुन्हा कामावर येण्याचा हक्क त्यावरच ठरतो.

दुसरा शब्द ‘राइट ऑफ’. बँकांनी अमुक कोटींची कर्जे ‘राइट ऑफ’ केली, अशी बातमी आली की ‘उद्योगपतींना माफी, शेतकऱ्याला नोटीस’ असे मेसेज फिरू लागतात. ‘राइट ऑफ’ म्हणजे वसुलीची आशा मावळलेले कर्ज त्यासाठी तरतूद करून बँकेने आपल्या ताळेबंदातून बाजूला काढणे. मराठीत त्याला निर्लेखन म्हणतात. कर्जदाराची जबाबदारी त्याने संपत नाही, वसुलीची कारवाई सुरू ठेवता येते. कर्जमाफी वेगळी. राज्यातील २०१७ आणि २०१९ च्या शेतकरी कर्जमाफी योजनांमध्ये सरकारने पात्र शेतकऱ्यांच्या वतीने बँकांना पैसे दिले, म्हणून ते कर्ज फिटले. राइट ऑफ केलेल्या कर्जांपैकी प्रत्यक्ष वसूल किती होते, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाही पाहिजे. पण त्यासाठी आधी शब्द नीट वाचावा लागतो.

या दोन्हींची सरमिसळ होऊन भारतीय इंग्रजीत ‘वेव्ह ऑफ’ हा तिसरा प्रकार तयार झाला. माफ करणे या अर्थाच्या ‘वेव्ह’ला ‘ऑफ’ लागत नाही. तो लागतो उच्चाराने तशाच असलेल्या, पण हात हलवणे या अर्थाच्या दुसऱ्या ‘वेव्ह’ला. कर्जाला हात हलवून निरोप दिला, असा त्याचा अर्थ होईल.

विमानाच्या कॉकपिटमध्ये काय घडले?

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या लॉस रोडिओस विमानतळावर दाट धुके होते. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमाने इकडे वळवली होती. केएलएमचे बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी उभे होते आणि पॅन अ‍ॅमचे दुसरे ७४७ त्याच धावपट्टीवरून पुढे सरकत होते. केएलएमच्या सहवैमानिकाने रेडिओवर सांगितले, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ.’ त्याला म्हणायचे होते, आम्ही उड्डाण करत आहोत. नियंत्रकाने समजून घेतले, विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे.

नियंत्रक ‘ओके’ म्हणाला आणि क्षणभर थांबून त्याने ‘स्टँड बाय फॉर टेकऑफ’ असे सांगितले. थांबा, मी कळवतो. नेमके त्याच क्षणी पॅन अ‍ॅमनेही आपण धावपट्टीवरच असल्याचे कळवले. दोन संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर शिट्टीसारखा आवाज तेवढा ऐकू आला. त्यानंतर झालेल्या धडकेत ५८३ जणांचा मृत्यू झाला. धुके, घाई आणि एकाच वेळी झालेले संदेश अशी कारणे अनेक होती. त्यात एक कारण ‘टेकऑफ’ या शब्दाचे दोन अर्थ लागणे, हेही होते.

त्यानंतर जगभरातील वैमानिक-नियंत्रक संवादाची भाषा आणखी काटेकोर झाली. ‘टेक ऑफ’ हे शब्द आता फक्त उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचे, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक आहे. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाची मर्यादित शब्दांची इंग्रजी वापरली जाते, तिच्यातही फ्रेजल व्हर्ब टाळण्याचा नियम आहे. पुस्तिका वाचणारा तंत्रज्ञ ब्राझीलचा, जपानचा किंवा नागपूरच्या मिहानमधलाही असू शकतो. त्याने ‘पुट आउट’चा अर्थ विझवणे घ्यायचा की बाहेर ठेवणे, हे त्याच्यावर सोडलेले नाही.

तरीही या जोड्या कॉकपिटमधून हद्दपार झालेल्या नाहीत. धावपट्टीवर येऊन थांबा, हे सांगण्यासाठी अमेरिकेत ‘पोझिशन अँड होल्ड’ म्हणत असत. ३० सप्टेंबर २०१० पासून तिथेही जगात इतरत्र चालणारी सूचना लागू झाली. ती आहे ‘लाइन अप अँड वेट’. यातला ‘लाइन अप’ हा फ्रेजल व्हर्बच आहे. फक्त त्याला विमानतळावर एकच अर्थ ठेवण्यात आला आहे.